ओ कुणी द्यायची

तुर्कूत नोव्हेंबरचा उजेड
साडेतीनलाच दुकान आवरतो.
मी भिंगाखालचा दिवा लावते.
काचेच्या तबकडीत, खाऱ्या पाण्यात सोडलेली
उंदराच्या वृषणातली एक नळी,
शेवईहून बारीक.
खालून उजेड दिला की ती पट्ट्यापट्ट्यांनी बोलते:
फिकट, ठिपकेदार, काळीकुट्ट,
आणि एकदम पुन्हा फिकट.
काळी म्हणजे मंडळी तयार होऊन बसलीत.
फिकट म्हणजे आत्ताच गेली.

एकतीस वर्षं मी हेच कापते.
यालो नवा आहे, अजून हात थरथरतो त्याचा.
विचारतो, "आयरी, यांना कळतं कसं, कधी निघायचं?"
म्हटलं, कळत नाही. सांगावं लागतं.

भिंतीला टेकून मूळपेशी बसलेली असते.
शेजारी दाई, तळापासून पोकळीपर्यंत उंच,
अंगाखांद्यावर चार पिढ्यांची पोरं घेऊन.
दाई तिला आधी म्हणते: थांब.
आहेस तशी राहा, स्वतःसारखी आणखी एक कर.
मग साडेआठ दिवसांनी नळीच्या त्याच जागी
दुसरा शब्द येतो: नीघ.
हा दुसरा शब्द गाजरात असतो.
यालो हसला. हसू दे.
अ जीवनसत्त्वातून शिजतो तो,
चिमूट म्हणणंही जास्त होईल इतकाच.
नुसतं थांब थांब केलं तर ढीग साचतो.
नुसतं नीघ म्हटलं तर चार दिवस गजबज,
मग घर रिकामं.

निघालेल्या एकट्या निघत नाहीत.
विभागतात, पण पुरत्या तुटत नाहीत,
मध्ये एक बोळ राहतो, त्यातून निरोप फिरतात.
पुढे निम्म्यांच्या वाट्याला एक्स, निम्म्यांच्या वाय,
तरी कुणी उपाशी नाही,
एकमेकांच्या ताटातलं उष्टं खातात.
वाटेत दार लागतं. तिथली रीत अशी
की आधी मागचं बंद होतं,
मगच पुढचं उघडतं,
आउरा नदीवरच्या आमच्या छोट्या फेरीबोटीसारखं,
पाठीमागे आडकाठी पडल्याशिवाय
काठ सोडत नाही ती.

हे मी यालोला सांगितलं.
पुढचं सांगितलं नाही.

ओत्सो सात वर्षांचा होता.
रक्तात नको त्या पेशी माजल्या,
आणि औषधाला एवढंच ठाऊक होतं
की जे जे वाढतंय ते ते काप.
वाचला. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे.
आम्ही केक केला.
त्या वयात कोण विचारतं आणखी काय गेलं?
मी विचारायला हवं होतं. माझं तर कामच हे.

आता तो तेहेतिसाचा. विल्या आणि तो
मार्चपासून दवाखान्याच्या वाऱ्या करतायत.
सुईएवढा तुकडा काढला.
अहवाल त्यानं मला फोनवर वाचून दाखवला,
लॅटिन शब्दांवर अडखळत:
नळ्या आहेत. दाया आहेत.
बाकी कुणी नाही.

ती काचपट्टी मला कुणी दाखवणार नाही,
दाखवायची गरजही नाही.
दाया रांगेनं उभ्या, कडेवर काही नसलेल्या,
आणि अजून म्हणतायत: थांब.
कुणी नसतं तेव्हा त्या जास्त मोठ्यानं म्हणतात,
हे मीच उंदरांत मोजलंय, दोनदा.
वरून मेंदूखालची ग्रंथीही ओरडत असते,
त्याच्या रक्तात तिचा आकडा तिप्पट.
लोक म्हणतात, शरीरानं साथ सोडली.
सोडली कुठे?
सव्वीस वर्षं हाका मारतंय.

काळी पट्टी कापली. दोन मिलिमीटर.
यालोच्या नळकांडीत टाकली, वर तारीख लिहिली.

सहाला ओत्सोचा फोन. पलीकडच्या काठावर उभा होता,
बोट यायची होती.
"आई, तुझे उंदीर कसे आहेत?"
बरे आहेत, म्हटलं.
"दुकानात आहे तसा. गाजरं आणू?"
आण की, म्हटलं. थोडी जास्तच आण.